एकाच ग्राफवर चौघं: सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्याचं आहे. कारखान्याचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. निर्णय आणि चुका तशाच ठेवल्या आहेत. त्या चुका बहुतेक आमच्या, म्हणजे सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या आहेत.

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण चादरीवरचा मोर किंवा टॉवेलच्या काठावरची वेल मागापर्यंत पोचते कशी, हे कारखान्याबाहेर फारसं कुणी पाहिलेलं नसतं. जकार्ड म्हणजे मागावर हवे ते धागे उचलून नक्षी विणणारी यंत्रणा. तिचं डिझाइन म्हणजे चौकोनी घरांचा मोठा ग्राफ. उभी रांग म्हणजे जकार्डचा एक हुक, त्याच्याबरोबर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर उचलले जातात. आडवी ओळ म्हणजे बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक फेक. प्रत्येक घरातला रंग त्या जागी कोणती वीण बसवायची ते सांगतो. जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास हीच माहिती पुठ्ठ्याच्या भोकांमध्ये मांडली. आता इलेक्ट्रॉनिक जकार्डमध्ये ती फाइल होऊन जाते, तरी ग्राफ तोच आहे.

आम्ही तिघं जण होटगी रोडला एका छोट्या कार्यालयातून हे ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर करतो. विंडोजवर चालणारं, बारा वर्षांचं, एका वेळी एकाच माणसाने वापरायचं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आणि एमआयडीसीतल्या डिझाइन खोल्यांमध्ये ते चांगलं रुळलेलं होतं. या कारखान्यात चार डिझायनर होते. सगळ्यांत ज्येष्ठ ते अण्णा. घरी तेलुगू बोलणारे, कामाची सुरुवात कागदी ग्राफवर केलेले. काठाचं काम एक ताई बघायच्या. दोन तरुण पोरं होती. एक अक्षरं आणि लोगो काढायचा, दुसरा विणी तपासून मागाची फाइल तयार करायचा.

अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली एक गोष्ट आम्ही ऐकली आणि तिथेच सोडून दिली. कागदाच्या काळात मोठ्या चादरीचा ग्राफ लांब टेबलावर पसरून दोघं जण समोरासमोर बसायचे. एक खालच्या काठाकडून, दुसरा वरच्या काठाकडून. मधल्या पट्ट्यात पोचले की थांबायचे, बोलायचे, मग पुढे. "संगणक आला आणि एका डिझाइनवर एकच माणूस उरला," ते म्हणाले. आमच्या कामाचा अर्धा आराखडा त्या वाक्यात होता.

अडचण

एका हॉटेलची निर्यातीची ऑर्डर होती. टॉवेलच्या मधोमध लोगो, दोन्ही टोकांना वेलीचा काठ. सॅम्पल मंजूर झाल्यावर ग्राहकाने लोगो थोडा लहान करायला सांगितला आणि त्याच दुपारी काठातली पानं गोल हवीत असंही कळवलं. लोगोवाल्या पोराने फाइल आपल्या संगणकावर घेतली. ताईंनी ती आपल्या संगणकावर घेतली. दोघांनीही आपापलं काम नीट केलं आणि सामायिक फोल्डरमध्ये जपून ठेवलं. ज्याने नंतर ठेवलं त्याची फाइल राहिली, आधीची पुसली गेली. फोल्डरमध्ये तोवर 'फायनल', 'फायनल नवा', 'फायनल अण्णा' आणि 'फायनल मागावर' अशी चार नावं जमली होती. पेन ड्राइव्हवरून मागाकडे गेलेल्या फाइलमध्ये लोगो नवा होता, काठ जुना. एका पाळीचा माल विणून झाल्यावर कापणी खात्यातल्या बाईंच्या ते लक्षात आलं. तो माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जात, गेला.

मालकांनी आम्हाला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "माझा मुलगा आणि सीए एकाच शीटमध्ये एकाच वेळी आकडे भरतात, मी मोबाइलवर बघत असतो. तुमच्या डिझाइनमध्ये ते का होत नाही?"

प्रश्न रास्त होता. आम्ही होकार दिला. मात्र मालकांचं नुकसान कशामुळे झालं आणि त्यांनी मागितलं काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का, हे त्या दिवशी आम्ही तपासलं नाही. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा पर्याय कुलपाचा. एकाने फाइल उघडली की बाकीच्यांना ती फक्त पाहता येईल. दोन आठवड्यांचं काम. पण या खोलीत एक डिझाइन अख्खा दिवस उघडं असतं. ताई जेवायला गेल्या आणि फाइल उघडीच राहिली तर बाकी तिघं हात बांधून बसणार. डिझाइनचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळं कुलूप लावायचं, असाही विचार झाला. पण काठ कुठे संपतो आणि मधला भाग कुठे सुरू होतो हे काम चालू असताना सरकत राहतं.

दुसरा पर्याय म्हणजे प्रत्येकाने आपली प्रत काढायची आणि नंतर दोन्ही प्रती जुळवायच्या. प्रोग्राम लिहिणारे रोज असंच करतात. पण त्यांच्याकडे ओळी असतात, वाचून अर्थ लागतो. दोन ग्राफमधल्या हजारो घरांचा फरक लाल-हिरव्या ठिपक्यांत दाखवला तर त्यातून डिझायनरला काहीच कळत नाही. हे आम्ही कागदावर छापून ताईंना दाखवलं. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून परत दिला.

मग उरलं ते खरं एकत्र काम, सगळ्यांच्या पडद्यावर त्याच क्षणी. ही कल्पना जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रात्यक्षिकात दूर बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करून दाखवलं होतं. पुढे दोन रस्ते निघाले. १९८९ मध्ये एलिस आणि गिब्स यांनी ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन मांडलं. दुसऱ्याचा बदल आपल्याकडे पोचेपर्यंत आपण जे केलं असेल, त्यानुसार तो बदल जुळवून घ्यायचा. मी दहाव्या अक्षराआधी एक अक्षर घातलं असेल, तर तुझा 'पंधरावं अक्षर पुसा' हा बदल माझ्याकडे 'सोळावं पुसा' असा व्हायला हवा. ऐकायला सोपं. पण बदलांचे प्रकार वाढले की प्रत्येक प्रकाराची प्रत्येकाशी जुळवणी लिहावी लागते. मूळ मांडणीतही काही प्रसंगी दोन पडदे वेगळे पडतात, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. आमच्याकडे रंगवणं, ओळ घालणं, ओळ काढणं, आरसा (नमुना उलटा उमटवणं), रिपीट (तोच नमुना पुन्हा पुन्हा बसवणं), भरणं, रंग बदलणं अशी मोठी यादी होती.

दुसरा रस्ता सीआरडीटीचा, म्हणजे 'कॉन्फ्लिक्ट-फ्री रेप्लिकेटेड डेटा टाइप'चा. २०११ मध्ये शपिरो, प्रेगिसा, बाकेरो आणि झाविर्स्की यांनी त्याला व्यवस्थित रूप दिलं. यात माहितीचीच रचना अशी करायची की बदल कोणत्याही क्रमाने पोचले तरी शेवट सगळीकडे सारखाच होईल. मधे सर्व्हर नसला तरी चालतं. वायजेएस, ऑटोमर्ज अशी तयार साधनं मोफत मिळतात आणि लेखनासाठी ती उत्तम आहेत. आम्ही मनाने इकडे झुकलो होतो. मग हिशोब केला. १३४४ हुकांचा आणि २४०० ओळींचा ग्राफ म्हणजे ३२,२५,६०० घरं. एका घराला एक बाइट धरला तर फाइल सव्वातीन एमबीच्या आत. प्रत्येक घराला १६ बाइटांची ओळख चिकटवली तर नुसत्या ओळखीच ५१ एमबीच्या पुढे, आणि इतिहास त्याहून वेगळा. डिझाइन खोलीतले संगणक जुने होते.

निर्णय: मधे एक हिशोबनीस

शेवटी आम्ही ठरवलं की खोलीतल्याच एका संगणकावर छोटा सर्व्हर बसवायचा. तो प्रत्येक बदलाला क्रमांक देईल आणि तोच क्रम सगळ्यांनी मानायचा. माणसं एकाच खोलीत, एकाच तारेवर आहेत. सर्व्हरशिवाय काम चालावं ही गरजच नाही, मग त्यासाठीची गुंतागुंत का उचलायची? एका घरावर दोघांनी रंग दिला तर ज्याचा क्रमांक नंतरचा, त्याचा रंग राहील. फिग्मा या डिझाइन साधनानेही साधारण असाच सोपा मार्ग घेतल्याचं त्यांच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये सविस्तर लिहिलं आहे. तो लेख वाचल्यावर आमचा धीर वाढला.

एक अट मात्र होती. रंगवताना हात अडखळता कामा नये. सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत घर कोरं राहिलं तर अण्णा दुसऱ्या दिवशी जुनं सॉफ्टवेअर उघडतील, याची आम्हाला खात्री होती. म्हणून आपला बदल आपल्या पडद्यावर लगेच दिसतो आणि मागाहून सर्व्हरकडे जातो. आपला बदल सर्व्हरने मान्य करेपर्यंत त्याच घरावर दुसऱ्याचा रंग आला तर तो दाखवायचा नाही, नाहीतर घर लुकलुकतं. सर्व्हरच्या क्रमात आपलाच बदल नंतरचा असणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं.

केलेलं काम

सर्वांत जास्त वेळ नेटवर्कला लागेल असं वाटलं होतं. लागला आमच्याच जुन्या कोडला. बारा वर्षांत प्रत्येक साधन ग्राफच्या माहितीत थेट हात घालून बदल करत होतं. पेन्सिल थेट, आरसा थेट, कुठल्याशा डायलॉगमधलं ओके बटणही थेट. एकटा माणूस वापरत असताना यात काहीच बिघडत नव्हतं. आता प्रत्येक बदल एकाच दारातून जायला हवा होता, म्हणजे तिथे त्याची नोंद करून तो इतरांना पाठवता येईल. सगळ्या जागा शोधायच्या कशा? आम्ही ग्राफची माहिती खासगी केली, म्हणजे बाकी कोडला तिला थेट हात लावता येणार नाही अशी, आणि कोड तपासून त्याचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरला तक्रारी करू दिल्या. जिथे जिथे तक्रार आली, ती जागा दाराकडे वळवली. सर्व्हरची एक ओळही न लिहिता यात दोन महिने गेले. या दोन महिन्यांचा मला आजही अभिमान आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

दार नीट बसलं की नाही हे तपासायला आम्ही अण्णांच्या एका दिवसाच्या कामाची नोंद केली. रात्री कोऱ्या ग्राफवर तीच नोंद पुन्हा चालवली आणि दोन्ही फाइली बाइटला बाइट ताडून पाहिल्या. जुळल्या नाहीत. शोधता शोधता शेडिंगचं साधन सापडलं. ते ठिपके यादृच्छिक आकड्यांवर टाकत होतं, त्यामुळे दर वेळी निराळे पडत होते. एकट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ते गुण होतं, चार पडद्यांवर दोष ठरलं. आता ठिपके ज्याच्या पडद्यावर पडले, त्याच्याकडूनच ते ठिपके जसेच्या तसे पाठवले जातात.

दुसरी मोठी गोष्ट ओळींची. अण्णा काठाची उंची वाढवायला मधे चार ओळी घालतात. त्याच वेळी लोगोवाला पोरगा वर तीनशेव्या ओळीत अक्षराचं टोक रंगवत असतो. त्याचा बदल पोचेपर्यंत तीनशेवी ओळ तीनशे चारवी झालेली असते आणि टोक चार ओळी खाली पडतं. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "ओ सर, माझा 'आर' तुटतोय बघा सारखा." तेव्हा आम्ही ओळींना क्रमांकाऐवजी ओळख दिली. प्रत्येक ओळीला जन्मतः एक कायमची खूण मिळते आणि उभ्या रांगेलाही. बदल पाठवताना 'तीनशेवी ओळ' न म्हणता 'ही खूण असलेली ओळ' असं म्हणायचं, ती कुठेही सरकली तरी. सीआरडीटी आम्ही घेतलं नाही, पण त्यातली ही कल्पना घेतली. खुणा ओळींना आणि रांगांना दिल्या, घरांना नाही, म्हणून ३२ लाखांऐवजी पावणेचार हजारांच्या आत भागलं.

भरण्याचं साधन आणि तो मंगळवार

या प्रकरणात मी पुन्हा पुन्हा जिथे परत जातो ती जागा ही.

भरण्याचं साधन सगळ्यांना माहीत असतं. कडेच्या आत क्लिक करा, आतला भाग रंगाने भरतो. हा बदल इतरांना कसा पाठवायचा याचे दोन मार्ग होते. एक, 'या घरापासून चार नंबर रंगाने भरा' अशी आज्ञा पाठवायची आणि प्रत्येकाने आपल्याकडे भरून घ्यायचं. दोन, भरून झालेली घरं पाठवायची. आज्ञा काही बाइटांची असते, घरं हजारोंनी असतात. आम्ही आज्ञा निवडली. ती नीटस वाटली.

मंगळवारी चौघांनाही एका खऱ्या डिझाइनवर बसवलं. ताई काठातल्या एका पानाची कड गोल करत होत्या. त्यासाठी त्यांनी कडेतली तीन घरं पुसली, लगेच दुसऱ्या वळणाने काढायची म्हणून. नेमक्या त्याच क्षणी लोगोवाल्या पोराने त्या पानाच्या आत भरायला क्लिक केलं. त्याच्या पडद्यावर कड अजून बंद होती, कारण ताईंचं पुसणं त्याच्याकडे पोचलेलं नव्हतं. सर्व्हरने ताईंच्या पुसण्याला आधीचा क्रमांक दिला आणि त्याच्या भरण्याला नंतरचा. प्रत्येक संगणकाने तो क्रम इमानेइतबारे पाळला. आधी कड उघडली, मग रंग भरला. तो रंग तीन घरांच्या फटीतून बाहेर पडला आणि काठाच्या जमिनीत, जमिनीतून टॉवेलच्या सगळ्या मैदानात पसरला.

माझ्या सहकाऱ्याने चारही संगणकांवरची माहिती ताडून पाहिली. तंतोतंत सारखी. आम्ही जी चाचणी लिहिली होती, तिच्या हिशोबाने सगळं बरोबर होतं.

अण्णांनी चष्मा कपाळावर घेतला, एका पडद्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "सगळीकडं सारखंच चुकलंय की ओ."

आम्ही वाचलेली सगळी मांडणी पडदे सारखे राहावेत यासाठी होती. ते आम्ही साधलंही होतं. पण त्या पोराने जे मागितलं होतं ते 'हे पान भरा' असं होतं आणि 'पान' हा शब्द आमच्या आज्ञेत कुठेच नव्हता. आज्ञा फक्त एक बिंदू आणि एक रंग सांगत होती. पान म्हणजे काय, हे त्याच्या पडद्यावरच्या त्या क्षणाच्या चित्रात होतं.

दुरुस्ती उघड होती. आता भरण्याचा निकाल जातो, म्हणजे त्याच्या पडद्यावर जी घरं रंगली तीच घरं. ओळीतली सलग घरं 'इथून इथपर्यंत' अशी गुंडाळून पाठवली की तो बोजाही फार होत नाही. याचीही किंमत आहे. ताईंनी त्याच वेळी पान मोठं केलं असतं, तर नव्या कडेच्या आत थोडी कोरी पट्टी राहते. पण ती पट्टी डोळ्याला लगेच दिसते आणि एका क्लिकने भरते. दोन चुकांमध्ये लहान, जवळची आणि दिसणारी चूक आम्ही पत्करली. मग प्रत्येक साधन घेऊन बसलो आणि विचारलं: डिझायनरच्या मनात काय असतं, निकाल की नियम? आरशाचं उत्तर निकाल. रिपीटचं उत्तर मात्र नियम निघालं. रिपीट चालू असताना मूळ नमुन्यात बदल झाला तर तो सगळ्या रिपीटांत दिसायलाच हवा, असं चौघंही एका आवाजात म्हणाले. रंग बदलण्याचं उत्तरही नियम. पाच नंबरचा रंग तीनमध्ये मिसळला, तर नंतर पोचलेली पाचची घरंही तीनच व्हायला हवीत.

ही यादी आम्हाला कुठल्या लेखात मिळाली नसती. ती त्या खोलीतच मिळाली.

मागे घेणं

मंगळवारचा गोंधळ तिथे संपला नव्हता. रंग पसरलेला बघून पोराने घाबरून कंट्रोल-झेड दाबलं. आमच्या पहिल्या रचनेत मागे घेणं म्हणजे सर्व्हरवरचा शेवटचा बदल मागे घेणं होतं. शेवटचा बदल तोवर अण्णांचा झाला होता. अण्णांची अर्धी काढलेली पाकळी गेली. त्याने पुन्हा दाबलं, आणखी थोडी गेली.

मागे घेणं ज्याचं त्याचं हवं, हे कुणीही सांगेल. पण माझ्या बदलानंतर तुम्ही त्याच घरावर काम केलं असेल तर? आमचा नियम असा: माझा बदल मागे घेताना ज्या घरांवर शेवटचा हात माझाच आहे, तीच घरं पूर्ववत होतील, तुमचा हात लागलेली घरं तशीच राहतील. त्यासाठी प्रत्येक घराच्या शेवटच्या बदलाचा चार बाइटांचा क्रमांक मेमरीत ठेवावा लागतो. या ग्राफसाठी तो जेमतेम १३ एमबी होतो. १६ बाइटांच्या ओळखीला नाही म्हणालो होतो, हे मात्र बिनतक्रार दिलं. मागे घेता येईल असा भरवसा असेल तरच माणूस दुसऱ्याच्या शेजारी मोकळेपणाने काम करतो.

कुणी मागे उभं आहे

दुसऱ्यांचे कर्सर नावासह हलताना दिसावेत, असं आम्ही गृहीत धरलं होतं. सगळ्या साधनांत ते असतं, दाखवायलाही छान दिसतं. मालकांना ते फार आवडलं. ताईंनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "हे बंद होतं का? कुणी मागं उभं राहून बघतंय असं वाटतं." अण्णांचं म्हणणं त्याहून पुढचं होतं. ते एखादं फूल चार वेळा काढतात, तीन वेळा पुसतात. पुसलेली तीन फुलं पोरांनी बघावीत असं त्यांना वाटत नव्हतं.

आम्ही दोन बदल केले. हलते कर्सर काढले आणि ज्या भागात कुणी काम करतंय, त्या भागाच्या कडेला त्याच्या रंगाची फिकट पट्टी ठेवली. आणि 'माझा कोपरा' दिला. ग्राफचा एखादा भाग निवडून त्यावर खासगीत काम करायचं, मनासारखं झालं की 'मांडा' दाबायचं. मगच तो सगळ्यांच्या पडद्यावर येतो. मालक म्हणाले, "मग लाइव्ह कसलं?" त्यांना समजावायला अण्णाच पुढे झाले. त्यांनी कागदी ग्राफच्या टेबलाची गोष्ट सांगितली. आधी पेन्सिलीने आपल्या कोपऱ्यात काढायचं, समोरच्याला पटलं की शाई. पहिल्या दिवशी ऐकून सोडून दिलेली ती गोष्ट तेव्हा आम्हाला पुरती कळली.

वीज आणि घरी नेलेला लॅपटॉप

दोन प्रसंग थोडक्यात. उन्हाळ्यात एकदा वीज गेली. सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी थकलेली होती. वीज परत आली तेव्हा शेवटच्या काही मिनिटांचं काम गायब होतं. सर्व्हर बदल मान्य झाल्याचं सांगायचा आणि नोंद डिस्कवर नंतर उतरवायचा. आता आधी डिस्कवर उतरतं, मग मान्यता जाते. वेग थोडा कमी झाला, तो कुणाच्या लक्षातही आला नाही. ही चूक आमच्याकडून व्हायला नको होती.

दुसरं, विणी तपासणारा पोरगा लॅपटॉप घरी घेऊन गेला आणि रात्री काम करून सकाळी जोडला. त्याचे रात्रीचे बदल सकाळी पोचले म्हणून त्यांना नंतरचे क्रमांक मिळाले. आदल्या संध्याकाळी तो निघून गेल्यावर ताईंनी केलेल्या कामावर ते बसले. 'नंतरचा जिंकतो' हा नियम सेकंदांच्या अंतरासाठी ठीक आहे, रात्रीच्या अंतरासाठी अन्यायाचा आहे. आता पाव तासाहून जास्त तुटलेला संगणक परत जोडला गेला की त्याचे बदल वेगळ्या थरात येतात. दोघं जण ते शेजारी बसून बघतात आणि हवं ते घेतात.

परिणाम

सुरुवातीपासून रोजच्या वापरापर्यंत अकरा महिने लागले. आम्ही मालकांना पाच सांगितले होते. आज चौघं जण मोठ्या ऑर्डरच्या दिवशी एकाच ग्राफवर बसतात. ग्राहकाचा दुरुस्तीचा फोन आला की तो फोन स्पीकरवर ठेवून बदल तिथल्या तिथे होतो. लहान डिझाइन अजूनही एकटा माणूसच करतो आणि ते योग्यच आहे. अण्णा बहुतेक वेळ 'माझ्या कोपऱ्यात' असतात. नवं फूल मांडलं की मात्र खुर्ची मागे घेऊन पोरांच्या चेहऱ्याकडे बघतात.

मागाकडे जाणारी फाइल आता वेगळी असते. विणी तपासणारा 'मागावर' दाबतो, त्या क्षणाची गोठवलेली प्रत तयार होते, तिला क्रमांक मिळतो, आणि तोच क्रमांक मागाच्या पडद्यावर आणि कापणी खात्याच्या चिठ्ठीवर छापला जातो. क्रमांक जुळला नाही तर माग सुरू करायचा नाही. तेव्हापासून चुकीच्या फाइलवर माल विणला गेलेला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

हा 'मागावर'चा क्रमांक आम्ही दहाव्या महिन्यात केला. काम नऊ दिवसांचं होतं. मालकांचं मूळ नुकसान, तो सेकंडमध्ये गेलेला माल, याच कामाने थांबला असता, चौघांनी एकत्र न बसताही. पहिल्या भेटीत आम्ही विचारायला हवं होतं की चुकीची फाइल मागावर गेलीच कशी. त्याऐवजी आम्ही त्यांच्या मागणीतला अवघड आणि आम्हाला आवडणारा भाग उचलला. पुढच्या वेळी क्रमांक आधी, एकत्र काम नंतर. मालकांना ते मी स्वतः सांगितलं आहे आणि त्या नऊ दिवसांचे पैसे घेतलेले नाहीत.

एकच दार आधी, सर्व्हर नंतर, हा क्रम मी बदलणार नाही. मात्र दार बांधतानाच प्रत्येक साधनासमोर निकाल की नियम हे लिहून घेईन, डिझायनरला विचारून. आणि चाचणीत फक्त पडदे सारखे आहेत का एवढं बघणार नाही. अण्णांसारखा एक जाणकार डोळा चाचणीच्या दिवशी खोलीत असायलाच हवा, त्याच्या वेळेचे पैसे धरून.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. बदलांची नोंद वाढत जाते आणि जुनी डिझाइनं उघडायला वेळ लागतो. नोंद छाटायची तर कुणाचं मागे घेणं कुठवर जपायचं, हे ठरवावं लागेल. ताई म्हणतात एक दिवस पुरे, अण्णांना ऑर्डर मागावर जाईपर्यंत हवं आहे. सध्या अण्णांचं ऐकलं आहे.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याने हेच मागितलं आहे. तिथे दोन शेड दोन जागी आहेत, म्हणजे एका खोलीतला सर्व्हर पुरणार नाही. काम जानेवारीतल्या गड्डा यात्रेनंतर सुरू होईल. पहिले तीन दिवस आम्ही लॅपटॉप न उघडता त्यांच्या डिझाइन खोलीत बसणार आहोत आणि अण्णा एक दिवस आमच्याबरोबर यायला कबूल झाले आहेत.